शिवडी : पक्षीनिरीक्षण

मुंबईत परळच्या पूर्वेस, शिवडी किल्ल्याच्या पायथ्याशी ठाणे खाडीलगत ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी दलदल हे मध्य मुंबईतील पक्षीनिरीक्षणाचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण होय. सुमारे 1994 पासून येथे हिवाळ्यात येणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, हे मुख्य आकर्षण असून त्यांतील मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी व टोकाशी काळी, तर छोट्या रोहिताची गडद तांबडी असते, आणि हीच दोहोंची सर्वांत खात्रीची ओळख ठरते. हे पक्षी चोच उलटी धरून चिखलमिश्रित पाणी गाळतात. छोटा रोहित प्रामुख्याने निळे-हिरवे शैवाल, तर मोठा रोहित पाण्यातील बारीक जीव टिपतो. भरतीचे पाणी चढू लागले की थवे हळूहळू किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून येथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच निघावे लागते. चिखलात किडे शोधणारे कुरल व पाणटिवळे दुर्बिणीतून निरखण्याजोगे असूनही गर्दीच्या नजरेतून निसटतात, ही खेदाची गोष्ट आहे. 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू हा सागरी पूल याच दलदलीवरून पुढे जातो.