सहा व्होल्टचे दोनशे व्होल्ट

सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कित्येक वाड्यावस्त्यांवर वीज नव्हती. बातम्या ऐकायच्या तर बॅटरीवर. पण व्हॉल्व्हच्या रेडिओला शे-दोनशे व्होल्ट लागत, आणि मोटारीच्या बॅटरीत असत सहा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट वाढवतो खरा, पण एकाच दिशेने वाहणारा डीसी प्रवाह त्याला चालत नाही.

यावरचा तोडगा म्हणजे व्हायब्रेटर. छोट्या डबीत पोलादाची पट्टी सेकंदाला शंभरेक वेळा थरथरायची, प्रवाह तोडायची-जोडायची. ट्रान्सफॉर्मर तो चढवायचा. काही डब्यांत तीच पट्टी त्याचा पुन्हा डीसीही करून द्यायची! डबी गुणगुणत असे. ठिणग्यांनी टोके जळत, पट्टी चिकटे, आणि रेडिओ मुका होई. मग मिस्त्रीकडे धाव. नुसता मीटर लावून भागत नसे; रिकाम्या स्थितीत व्होल्ट भरपूर दिसतात, रेडिओ जोडला की कोसळतात. कन्व्हर्टर भार टाकूनच तपासायचा, हा नियम आजही प्रयोगशाळेत पाळतात.

कोल्हापूरच्या इतिहासात पैलवान येतात, सिनेमा येतो; दुरुस्तीचे टेबल मात्र कुणी लिहीत नाही.

पुढे ट्रान्झिस्टरचे रेडिओ थोड्या व्होल्टवर चालू लागले, व्हायब्रेटर भंगारात गेला. युक्ती मात्र टिकली. ट्रान्झिस्टरच पट्टीचे काम करू लागला, सेकंदाला हजारो-लाखो वेळा. १९७६ साली अमेरिकेत मिडलब्रूक आणि चुक यांनी त्याचे गणित नीट बसवले. आपल्या मोबाइलची बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची, प्रोसेसरला जेमतेम एक पुरतो. मधली उतरण हाच कन्व्हर्टर करतो, गुणगुण न करता.