ठसा आणि संस्कार : ‘डॉलहाउस’ मालिकेविषयी

कारेल चापेक या चेक नाटककाराने १९२० साली ‘आर. यू. आर.’ हे नाटक लिहिले आणि ‘रोबॉट’ हा शब्द जगाला दिला. त्याचे मूळ ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. नाटकातील कारखाना रॉसम या नावाचा; ते नाव ‘बुद्धी’ या अर्थाच्या चेक शब्दावरून घडविलेले. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर २००९-१० मध्ये झालेल्या जॉस वीडन यांच्या ‘डॉलहाउस’ या दूरचित्रवाणी मालिकेतील कंपनीचे नावही रॉसमच आहे. हा वारसा उघडपणे सांगितलेला आहे. दिशा मात्र उलटली आहे. चापेकचे कृत्रिम जीव अखेरीस मनुष्यत्वाला पोहोचतात; येथे जिवंत माणसे रिती केली जातात.

लॉस एंजेलिसमधील एका गुप्त गृहात तरुण माणसे पाच वर्षांच्या करारावर दाखल होतात. त्यांची स्मृती काढून ठेवली जाते, धनिक गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे नवे व्यक्तित्व त्यांच्यावर उमटविले जाते आणि काम संपताच पुसले जाते. कॅरोलाइन ही तरुणी येथे ‘एको’ होते. स्मृती म्हणजेच व्यक्ती, हे या व्यवसायाचे गृहीतक. त्याचे तात्त्विक मूळ लॉकच्या निबंधाच्या १६९४ च्या आवृत्तीत सापडते. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात गेली, तर व्यक्ती राजपुत्राचीच राहील, असे तो म्हणतो.

मालिका हेच गृहीतक कसोटीस लावते. सिएरा आणि व्हिक्टर यांच्या स्मृती वारंवार पुसल्या जातात, तरी त्यांची परस्परांविषयीची ओढ पुसली जात नाही. एकोच्या ठायी तर अनेक उसन्या व्यक्तित्वांच्या अवशेषांतून कॅरोलाइनहून निराळी अशी एक स्वतंत्र व्यक्ती उभी राहते.

‘इम्प्रिंट’ या मूळ शब्दाला मराठीत ‘ठसा’ म्हणावे की ‘संस्कार’, हा प्रश्न येथे केवळ भाषांतरकाराचा राहत नाही. ठसा बाहेरून उमटतो. संस्कार आत मुरतो आणि स्मृती लोपली तरी उरतो. शापामुळे शकुंतलेला विसरलेला दुष्यंत हंसपदिकेचे गीत ऐकून अकारण व्याकुळ होतो, हे कालिदासाने ओळखले होते. यंत्रचालक टॉफर ठसे उमटवितो. परंतु ज्यांच्यावर ते उमटतात त्यांच्या ठिकाणी त्यांचे संस्कार होतात, असे मालिकेच्या एकूण गतीवरून म्हणता येते.

तथापि तिच्यातील खरी जखम तत्त्वज्ञानाची नसून संमतीची आहे. जिने नकार दिला तिला, म्हणजे सिएराला, एका धनिकाने औषधे देऊन वेडी ठरविले व या गृहात पोहोचविले. करारावर सही करणारी व्यक्तीच नाहीशी केल्यावर तो करार कोणाला बांधतो? आरंभीच्या भागांत एकोला दर आठवड्याला नव्या वेषात सादर करून मालिका प्रेक्षकालाही गिऱ्हाईक बनविते, हा तिचा दोष दृष्टिआड करता येणार नाही. पण पुढे तीच त्या गिऱ्हाइकीचा हिशेब मागते. चापेकने देहाच्या वेठीस नाव दिले. स्मृतीच्या वेठीला अद्याप नाव मिळावयाचे आहे.