कोड्यावर पैसा लागला तेव्हा

रायपूरच्या समता कॉलोनीशेजारी चौबे कॉलोनी आहे आणि तिथे 1935 साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला तेव्हापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, मराठी कुटुंबे या भागात नांदत आली आहेत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना होईपर्यंत रायपूरचा कारभार नागपूरच्या राजधानीतूनच चालत असे. या वस्त्यांतल्या कोणाला आज कोडे सोडवावेसे वाटले, तर टपालाने येणाऱ्या मासिकाची वाट पाहावी लागत नाही. मोबाइल उघडला की सुडोकू, शब्दकोडी, आकड्यांचे खेळ, सगळे मोफत हजर असते. मोफत मिळते म्हणून आपण त्याला हलके समजतो, वेळ घालवण्याची एक स्वस्त सोय मानतो. मला मात्र कोड्यांचा इतिहास नेमका उलट दिसतो. कोडे मोफत असणे ही इंटरनेटने दिलेली नवी सवलत नाही. कोडे कोडे म्हणून टिकण्याची ती जुनी अट आहे. ही अट एकदा आपल्याकडे मोडली गेली होती आणि त्याचा निवाडा थेट सर्वोच्च न्यायालयात करावा लागला होता.

आधी जुनी रीत पाहू. विदर्भातला उखाणा, गोव्यातले हुमाण आणि रायपूरच्या आसपासच्या खेड्यांतला छत्तीसगढी जनउला यांचा व्यवहार एकच आहे. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, ऐकणारा डोके खाजवतो, आणि उत्तर कळले की हरलेल्यालाही ते पटते. हे पटणे फार महत्त्वाचे. विचारणाऱ्याने आपल्या मर्जीने उत्तर ठरवलेले नसते, ते प्रश्नातच दडलेले असते. म्हणूनच हरलेला माणूस चिडत नाही, तो तेच कोडे दुसऱ्याला घालायला निघतो. भास्कराचार्यांच्या 1150 च्या 'लीलावती'तली उदाहरणे याच वळणाची आहेत. भुंग्यांचा थवा, मोर आणि साप, अर्जुनाचे बाण अशा चित्रांतून गणित विचारले जाते, आणि एकदा उत्तर निघाले की वाद उरत नाही.

कोणी म्हणेल, तेही फुकट कुठे होते, विद्येला राजाश्रय लागतच होता. खरे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे 1207 च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिले, असे तो सांगतो. दानाचा तपशील देणारा त्याचा शेवटचा भाग तर जुन्या मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे पैसा कोणीतरी देत होतेच. पण देणाऱ्याचा फायदा विद्यार्थ्याचे उत्तर चुकण्यात नव्हता. पुढच्या सगळ्या इतिहासात भेद आहे तो इथे. पैसे कोण देतो एवढे पाहून भागत नाही. सोडवणारा चुकला तर कोणाचा फायदा होतो, हे पाहावे लागते.

ही गोष्ट उलटी कशी फिरली ते शब्दकोड्याच्या प्रवासात दिसते. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 ला न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आले. पुढे ते जगभर पसरले आणि मुंबईपर्यंत पोचता पोचता त्याला प्रवेश फी आणि बक्षीस चिकटले. चौकटी भरायच्या, कूपन कापायचे, प्रत्येक उत्तरपत्रिकेमागे ठरावीक फी द्यायची आणि आयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळते का याची वाट पाहायची, असा हा धंदा होता. आता आयोजकाची अडचण लक्षात घ्या. कोडे प्रामाणिक असेल, म्हणजे प्रत्येक चौकटीला एकच पटणारे उत्तर असेल, तर चांगले मराठी किंवा इंग्रजी येणारे हजारो लोक ते अचूक सोडवतील आणि बक्षिसाचे हजार तुकडे होतील. अशा बक्षिसासाठी फी कोण भरणार? म्हणून सूचना अशी हवी की दोन शब्द सारखेच बसावेत. समजा चौकटीत आधी 'आ' आणि शेवटी 'र' आहे, मधले अक्षर रिकामे आहे आणि सूचना आहे, 'दमलेल्या माणसाला हा मिळाला की बरे वाटते'. 'आधार' बसतो, 'आहार'ही बसतो. दोन्हींत चूक कोणते हे भाषा सांगू शकत नाही, फक्त आयोजकाचा बंद लिफाफा सांगू शकतो. असे दहा शब्द कोड्यात पेरले की शक्यता 1,024 होतात. सोडवणारा मग विचार करणे सोडतो आणि निरनिराळ्या जोड्या लावून जास्त फॉर्म भरू लागतो, प्रत्येक फॉर्मची वेगळी फी देऊन. बुद्धीचा खेळ असा हळूहळू चिठ्ठ्या उचलण्याचा खेळ होतो. यात आयोजक लबाड असलाच पाहिजे असे नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. सज्जन आयोजकालाही तोच हिशेब तिथेच नेतो. कोड्यात फीचा पैसा शिरला की एकच पटणारे उत्तर ही गोष्ट धंद्याला परवडत नाही.

मुंबई सरकारने 1948 मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. 1952 मध्ये तो दुरुस्त करून राज्याबाहेर छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रांतल्या स्पर्धाही त्याच्या कक्षेत आणल्या. बेंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड नावाची स्पर्धा चाले. तिचे फॉर्म आणि फी गोळा करणारी केंद्रे मुंबई राज्यात होती. तिच्या चालकांनी या कायद्याला आव्हान दिले. आम्ही आंतरराज्य व्यापार करतो आणि व्यापाराचे स्वातंत्र्य राज्यघटनेने दिले आहे, असा त्यांचा दावा होता. उच्च न्यायालयात त्यांची सरशी झाली. दरम्यान संसदेनेही 1955 चा बक्षीस स्पर्धा कायदा केला. तो ज्या राज्यांच्या ठरावांवरून झाला त्यांत मुंबई, हैदराबाद आणि मध्य भारत ही राज्ये होती. म्हणजे मुंबई-पुण्यासकट मराठवाडा आणि इंदूर-ग्वाल्हेरकडचे मराठी वाचक त्याच्या छायेत आले. महिन्याला एकूण 1,000 रुपयांपेक्षा जास्त बक्षिसे नकोत आणि एका स्पर्धेत 2,000 पेक्षा जास्त प्रवेशपत्रिका नकोत, अशी मर्यादा त्याने घातली. या कायद्यालाही आव्हान दिले गेले, आणि 9 एप्रिल 1957 ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही प्रकरणांचा निकाल दिला. मुंबईच्या खटल्यात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेद आणि महाभारतापर्यंत मागे जाऊन द्यूताकडे पाहण्याची आपली जुनी दृष्टी मांडली आणि जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हेच, असे ठरवले. दुसऱ्या निकालात 1955 च्या कायद्याची व्याप्ती जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांपुरतीच धरली गेली. ज्यांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे त्या स्पर्धा बाहेर राहिल्या.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. बक्षिसाच्या आशेने का होईना, लोक शब्दकोशाची पाने चाळत होते. कोड्याची गोडी ज्याला कोणी लावली नसती असा माणूसही त्यामुळे त्याच्याकडे वळला. बक्षिसाची मी निंदा करत नाही. शाळेत मिळालेल्या पुस्तकाने किंवा रविवारच्या पुरवणीत छापून आलेल्या नावाने कोडे बिघडत नाही, कारण तिथे भाग घेणाऱ्याकडून काही घेतलेले नसते आणि कोणी चुकले म्हणून दुसऱ्याच्या खिशात भर पडत नाही. पण बोचरे सत्य असे की फीवाल्या स्पर्धेने शब्दाची ओढ लावली ती 'कोणता शब्द जास्त नेमका' याची नव्हे, तर 'कोणता शब्द लिफाफ्यात असेल' याची. पहिल्या ओढीने भाषा वाढते. दुसरीने फक्त फॉर्म वाढतात.

ही ओढ फीशिवाय किती दूर नेते, याचे सर्वांत भक्कम मराठी उदाहरण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. 1905 मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर 1930 ते 1962 देवळालीच्या शाळेत मास्तर होते. विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. होता तो आकड्यांशी खेळण्याचा छंद. डोंबिवली स्टेशनच्या तेव्हाच्या नावावरून त्यांनी एका संख्याप्रकाराला 'डेम्लो' म्हटले. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, आणि येणाऱ्या उत्तरावर हेच पुन्हा करा. 4321 मधून 1234 गेले की 3087. 8730 मधून 0378 गेले की 8352. 8532 मधून 2358 गेले की 6174. आता कितीही वेळा करा, 6174 च येईल, आणि कुठूनही सुरुवात केली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच पोचाल. 1949 मध्ये त्यांनी हे मांडले. पुष्कळ लेखन त्यांनी स्वतःच्या खर्चाने छोट्या पुस्तिकांत छापले आणि बरीच वर्षे गणिताच्या जाणकारांनी ते गांभीर्याने घेतले नाही. मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीचा मास्तर जगाला माहीत झाला. आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातले मूल ही वजाबाकी एक पैसा न देता करू शकते आणि स्वतः पडताळून पाहू शकते. लिफाफा उघडणारा कोणी लागत नाही.

कापरेकरांच्या उदाहरणात एक दुखरी जागाही आहे आणि ती टाळून चालणार नाही. निवृत्तिवेतन पुरत नव्हते म्हणून त्यांना उतारवयात शिकवण्या कराव्या लागल्या. कोडे मोफत ठेवायचे तर कोडे करणाऱ्याने उपाशी राहायचे का? मुळीच नाही. पाटणच्या मठाला उत्पन्न होते, तसेच आज कोडेकाराला मानधन हवे. ते वृत्तपत्राने, संस्थेने, सरकारने द्यावे. सोडवणाऱ्याच्या चुकीतून ते वसूल होऊ नये, एवढेच माझे म्हणणे.

सुडोकूचा प्रसारही याच मार्गाने झाला. 1979 मध्ये हॉवर्ड गार्न्झ या अमेरिकी वास्तुविशारदाचे 'नंबर प्लेस' छापले गेले, 1984 मध्ये जपानच्या निकोली संस्थेने ते आपलेसे केले, आणि हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेल्या वेन गोल्ड यांनी कोडी तयार करणारा संगणक प्रोग्रॅम लिहून 12 नोव्हेंबर 2004 पासून लंडनच्या 'टाइम्स'ला कोडी विनामूल्य दिली. 'वर्डल' हे इंग्रजी शब्दांचे रोजचे कोडे 1 नोव्हेंबर 2021 ला 90 लोक खेळले आणि दोन महिन्यांत ती संख्या तीन लाखांवर गेली. ना जाहिरात, ना फी, दिवसाला एकच शब्द. पण आजच्या सगळ्या मोफत कोड्यांचे मी असे गुणगान करणार नाही. पुष्कळ ॲपमध्ये कोडे मुद्दाम अडेल असे रचलेले असते, म्हणजे इशाऱ्यासाठी जाहिरात पाहावी लागते किंवा पैसे द्यावे लागतात. सोडवणारा अडला की कोणाचा तरी फायदा. जुना लिफाफा नव्या वेशात परत आलेला आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर त्याही पुढे गेले. छत्तीसगडने 1867 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2022 चा जुगार प्रतिषेध कायदा आणला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य की नशीब हा 1957 चा भेदच बाजूला ठेवला. खेळणाऱ्याने पैसे लावले आहेत का, एवढेच पाहिले. कोड्यांपुरते बोलायचे तर मला हीच कसोटी जास्त खरी वाटते.

राहिला मेंदूच्या व्यायामाचा मुद्दा. कोडी सोडवली की स्मृती तल्लख होते, म्हातारपण दूर राहते, असे सर्रास सांगितले जाते. पुरावा याहून सावध आहे. पासष्टीपुढच्या 2,832 जणांवरच्या 'ॲक्टिव्ह' या अमेरिकी अभ्यासाचे 2002 मध्ये आलेले निष्कर्ष असे होते की ज्या कामाचा सराव करवला त्या कामात लोक सुधारले, पण दैनंदिन कामकाजात त्याचा परिणाम तेव्हा दिसला नाही. अवाजवी दावे केल्याबद्दल 2016 मध्ये लुमोसिटी या ॲपच्या कंपनीला अमेरिकेत 20 लाख डॉलर द्यावे लागले. मग कोडी सोडवायची कशासाठी? सोडवण्याच्या आनंदासाठी, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. गाणे ऐकताना आपण कानांच्या व्यायामाचा हिशेब मांडत नाही.

मराठीपुढचे खरे काम वेगळेच आहे. आपल्या शब्दकोड्यात एका चौकटीत एक पूर्ण अक्षर बसते, मात्रेसकट, जोडाक्षरासकट. संगणक मात्र 'र्या' हे एक अक्षर चार तुकड्यांत साठवतो, म्हणून इंग्रजीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम उचलून मराठी कोडे होत नाही. अक्षर ओळखणारी रचना मुळापासून करावी लागते. ती करायला माणसे हवीत आणि त्यांना मानधन हवे. सुरुवात करण्यासारखे साहित्य हाताशी आहे. बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर 1971 मध्ये सुरू झाले आणि त्याचे जुने अंक आज संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, कोड्यांच्या पानांसकट. रायपूरपासून बडोद्यापर्यंतच्या महाराष्ट्र मंडळांनी गणेशोत्सवाच्या खर्चातला छोटासा वाटा दर वर्षी एखाद्या कोडेकाराला द्यावा, त्याच्याकडून मराठी अक्षरांची कोडी करून घ्यावीत आणि ती फी, जाहिरात वा खाते न मागता सर्वांसाठी खुली ठेवावीत.