कन्स्ट्रक्टर बदलणारं @

टाइपस्क्रिप्टमध्ये क्लासच्या वर @ लावून एखाद्या फंक्शनचं नाव लिहिलं की तो क्लास आधी त्या फंक्शनच्या हाती जातो; अशा फंक्शनला डेकोरेटर म्हणतात. फंक्शनने काहीच परत दिलं नाही तर क्लास आहे तसाच राहतो. दुसरा क्लास परत दिला, तर पुढे त्या नावाने हा दुसराच वावरतो. या ताकदीचं मूळ शोधताना दोन घराणी सापडतात, दोन्ही २००४ ची.

जावा ५ मधलं ॲनोटेशन ही नुसती चिठ्ठी. ती वाचून दुसरा कोड काय ते करतो. ती स्वतः क्लासला हात लावत नाही. पायथन २.४ मध्ये मात्र @ म्हणजे थेट फंक्शनला हाक: खालची वस्तू घे, हवी तशी बदलून दे. तिथेही आधी ही सोय फंक्शन आणि मेथडपुरतीच होती. क्लाससाठी क्लास घडवणारे मेटाक्लास आहेत, मग हे कशाला, असं तेव्हा वाटलं. क्लासची पाळी २००८ मध्ये आली.

२०१४ मध्ये गूगलच्या अँग्युलर चमूने ॲटस्क्रिप्ट ही भाषा जाहीर केली. त्यांना हवी होती चिठ्ठीच: हा क्लास म्हणजे कंपोनंट, त्याचं टेम्प्लेट अमुक. त्याच सुमारास येहुदा कॅट्झ जावास्क्रिप्टच्या टीसी३९ समितीपुढे पायथनच्या वळणाचे डेकोरेटर मांडत होते. २०१५ मध्ये ॲटस्क्रिप्ट टाइपस्क्रिप्टमध्ये विरली आणि टाइपस्क्रिप्ट १.५ मध्ये डेकोरेटर आले, तेही 'प्रायोगिक' म्हणून. गरज चिठ्ठीची होती, हाती आलं फंक्शन. पुढची बरीच ओढाताण यातूनच झाली, असं मला वाटतं.

समजा, 'खाते' या क्लासवर @नोंदवेळ लावलं. हा डेकोरेटर 'खाते'चा वारस क्लास बनवून परत देतो. वारसाचा कन्स्ट्रक्टर मिळालेले सगळे आर्ग्युमेंट सुपरकडे पाठवतो आणि मग 'वेळ' हे फील्ड भरतो. प्रोग्राम चालवला की प्रत्येक नव्या खात्यात वेळ असते. पण कोडमध्ये नव्या खात्याची 'वेळ' वाचायला जा, लगेच लाल रेघ! परत दिलेला क्लास मूळ क्लासच्या जागी चालेल ना, एवढंच कंपायलर तपासतो; त्यात वाढीव काय आलं याची दखल घेत नाही. पायथनने डेकोरेटर आणले तेव्हा टाइप तपासणारा कंपायलर मधे नव्हताच.

२०२२ मध्ये टीसी३९ चा नवा आराखडा तिसऱ्या टप्प्यात पोचला, आणि मार्च २०२३ मध्ये टाइपस्क्रिप्ट ५.० ने तो स्वीकारला. आता डेकोरेटरला क्लाससोबत 'काँटेक्स्ट'ही मिळतो. मात्र कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरवर लावायचे डेकोरेटर या आराखड्यात नाहीत, आणि अँग्युलरच्या जुन्या कोडचा भार त्यांच्यावर होता. म्हणून जुना प्रायोगिक पर्यायही टिकला. लाल रेघही टिकली.

म्हणून वाढीव फील्ड टाइपमध्ये दिसायलाच हवं असेल तेव्हा मी @ वापरत नाही. तेच फंक्शन साध्या कंसांनी हाकारायचं, मूळ क्लास त्याला द्यायचा आणि येईल तो क्लास नव्या नावात ठेवायचा. २०१७ मधल्या टाइपस्क्रिप्ट २.२ पासून अशा मिक्सिन क्लासचा टाइप कंपायलरला नीट कळतो, आणि 'वेळ' तिथे दिसते.