मध्यम तीव्रतेचा भूकंप आणि बीड जिल्हा : वस्ती, धरणे व जोखीम यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात दुष्काळाला जेवढी पाने मिळाली, तेवढी भूकंपाला मिळाली नाहीत. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर १९७२ चा दुष्काळ आणि २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरेला आलेला पूर या दोन घटना लोकस्मृतीत आजही ठळक आहेत. भूकंप मात्र 'शेजारच्या जिल्ह्यात झालेली घटना' म्हणूनच स्मरणात राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा अंबाजोगाई त्या केंद्रापासून हवाई अंतराने जेमतेम ७५ ते ८० किलोमीटरवर होते. एवढे अंतर नकाशावर लक्षातही येत नाही. असा धक्का बालाघाटाच्या कुशीतच बसला असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारू नये असा संकेत आहे. तथापि जोखमीचा इतिहास लिहायचा असेल तर तो विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

'स्थिर' पठाराची कल्पना :

दख्खनचे पठार हा भारतीय उपखंडाचा अचल गाभा आहे, ही समजूत पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या शिकविली गेली. या समजुतीला पहिला तडा ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगर येथे गेला आणि दुसरा किल्लारीत. दोन्ही भूकंप जागतिक मोजमापात मध्यम ते प्रबळ यांच्या सीमारेषेवरचे, म्हणजे सुमारे ६.२ ते ६.५ तीव्रतेचे होते. दोन्ही ठिकाणे तत्कालीन भूकंप-क्षेत्रांच्या नकाशात कमीत कमी धोक्याची गणली गेली होती. कोयनेनंतर तो परिसर चौथ्या क्षेत्रात गेला. लातूर-किल्लारी भाग १९८४ च्या भारतीय मानकात पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच रद्द झाले आणि हा भाग तिसऱ्यात आला. थोडक्यात, महाराष्ट्रात नकाशा भूकंपाच्या मागून चालत आला आहे. एखादा तालुका नकाशात फिकट रंगाचा आहे, म्हणून निर्धास्त राहणे हे इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही.

किल्लारीच्या घटनेनंतर राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने तेथे खोल छिद्र घेतले. सुमारे ३३८ मीटर जाडीचा काळा पाषाण संपल्यावर गाळाचा एक पातळ थर आणि त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. लाव्हाच्या या झाकणाखालील जुने भ्रंश पृष्ठभागावरून दिसत नाहीत. बीड जिल्हाही याच झाकणावर वसलेला आहे. तेर या प्राचीन नगराच्या अवशेषांत सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असाव्यात, असे मत काही भूवैज्ञानिकांनी मांडले आहे. ते सर्वमान्य नाही. पण तेवढ्या दीर्घ अंतराने परतणारी आपत्ती लोकस्मृतीत टिकणार नाही, हे उघड आहे. बीडचे कनकालेश्वर आणि अंबाजोगाईचे सकलेश्वर ही मंदिरे शतकानुशतके उभी आहेत, हा पुरावा म्हणून अनेकदा सांगितला जातो. घडीव दगडाचे, रुंद पायाचे, बुटके मंदिर टिकले म्हणून शेजारचे मातीचे घर टिकेल असे त्यातून सिद्ध होत नाही.

माळवदाचे घर :

किल्लारीत सुमारे ८,००० माणसे दगावली. एवढ्याच तीव्रतेच्या कोयनेच्या भूकंपातील मृतांची संख्या दोनशेच्या आसपास होती. हा फरक भूगर्भातला नाही, भिंतीतला आहे. मराठवाड्यातील जुने घर खणांत मोजले जाते. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी नवी माती पसरायची. जुनी काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नसे. परिणामी पिढ्यागणिक छताचे वजन वाढत गेले. भिंती दोन-अडीच फूट रुंद. पण आतला व बाहेरचा असे दोन वेगवेगळे दगडी पदर, मध्ये माती व चिपा. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड क्वचितच. उन्हाळ्यात गारवा आणि अस्थिर काळात संरक्षण देणारी ही भिंत हादऱ्याने दोन्हीकडे फुगून कोसळते. किल्लारीत रात्री विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून लोक नुकतेच झोपले होते. बहुसंख्य मृत्यू दगड-मातीच्या ढिगाऱ्याखाली झाले.

केज, धारूर, अंबाजोगाई, पाटोदा या तालुक्यांतील जुन्या गावठाणांची बांधणी याच परंपरेतील आहे. आता सिमेंटची घरे झपाट्याने वाढली असली, तरी जुन्या दगडी भिंतींवरच सिमेंटचे छत टाकण्याचा प्रकार सर्रास आढळतो. त्यात भिंतीचा दोष कायम राहतो, केवळ ओझे बदलते.

येथे बीड जिल्ह्याचे एक वेगळेपण नोंदविणे आवश्यक आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील लक्षावधी लोक ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे डिसेंबरात येणाऱ्या धक्क्याला गावात प्रामुख्याने वृद्ध व मागे ठेवलेली मुले सामोरी जातील. ढिगारा उपसणारे हात शेकडो किलोमीटर दूर असतील. उलट फडावरच्या बांबू-पाचटाच्या कोपीत झोपलेला मजूर आपल्या दगडी घरापेक्षा भूकंपात अधिक सुरक्षित असेल. दारिद्र्याने दिलेली ही सुरक्षितता कोणाला भूषणावह वाटणार नाही.

धरणे आणि ऋतू :

जिल्ह्यातील मोठी धरणे मातीची आहेत. सिंदफणेवरील माजलगाव धरण सुमारे ३१ मीटर उंच व साडेसहा किलोमीटर लांब असून ते जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचा भाग आहे. पाटोदा तालुक्यात उगम पावणाऱ्या मांजरेवर केज तालुक्यातील धनेगाव येथे सुमारे २५ मीटर उंचीचे धरण आहे. बीडजवळ पाली येथे बिंदुसरा प्रकल्प आहे. जिल्ह्याबाहेर, पण गोदाकाठच्या गेवराई व माजलगाव तालुक्यांच्या वरच्या अंगास पैठणचे जायकवाडी धरण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तेथून सोडलेल्या पाण्याने काठच्या गावांना काय सोसावे लागले, हे सर्वज्ञात आहे.

भूकंपाने धरण 'फुटते' ही ढोबळ कल्पना तपासून पाहावी लागते. कोयनेचे १०३ मीटर उंच काँक्रीट धरण भूकंपकेंद्राच्या अगदी निकट होते. त्याच्या वरच्या भागात, जेथे उतार बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या; धरण मात्र उभे राहिले आणि पुढे आधारभिंती देऊन बळकट केले गेले. किल्लारीजवळचे माकणी येथील निम्न तेरणा धरण १९९३ मध्ये फुटले नाही. याच जलाशयाने तो भूकंप ओढवला काय, याविषयी वाद झाला. कोयनेबाबत जलाशय व भूकंप यांचा संबंध जगभर मान्य झाला आहे. तेरणेचा जलाशय तुलनेने उथळ होता आणि तेथे कार्यकारणभाव निर्विवादपणे प्रस्थापित झालेला नाही. प्रस्तुत लेखकाला या वादापेक्षा दुसरी बाब अधिक महत्त्वाची वाटते, ती म्हणजे ऋतू.

२६ जानेवारी २००१ च्या कच्छ भूकंपात चांग, टप्पर, रुद्रमाता यांसारख्या लहान-मध्यम मातीच्या धरणांना मोठ्या भेगा पडल्या आणि त्यांचे उतार खचले. दुष्काळामुळे त्या जलाशयांत पाणी अल्प होते, म्हणून खालची गावे बचावली. ९ फेब्रुवारी १९७१ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फर्नांडो येथे ६.६ तीव्रतेच्या धक्क्याने एका मातीच्या धरणाचा जलाशयाकडील उतार माथ्यासह घसरला. पाण्यावर शिल्लक राहिलेला भाग केवळ दीड मीटरच्या आसपास होता आणि सुमारे ८०,००० लोकांना हलवावे लागले. किल्लारीचा भूकंप सप्टेंबरअखेर झाला, जेव्हा मराठवाड्यातील धरणे भरण्याच्या बेतात असतात. धनेगावचा जलाशय २०१६ च्या एप्रिलमध्ये इतका कोरडा होता की लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या महिन्यात भूकंप झाला असता तर खालच्या गावांना पुराचे भय नव्हते. म्हणजेच एकाच धरणाची जोखीम एप्रिलमध्ये शून्यवत आणि ऑक्टोबरात गंभीर असू शकते.

कच्छची तुलना मात्र ताणू नये. तेथे पायाखाली पाण्याने संपृक्त झालेला वाळूमिश्रित गाळ होता. बीडमध्ये बहुधा काळा पाषाण व मुरूम असतो. आपल्या धरणांच्या गाभ्यातील काळी चिकणमाती हादऱ्याने पातळ होणारी नाही. परंतु माथा खचणे, लांबीच्या दिशेने भेग पडणे, मातीचा बांध व दगडी सांडवा यांच्या सांध्यातून झिरप सुरू होणे आणि वीज खंडित झाल्याने दरवाजे न उघडणे हे धोके उरतातच. झिरप काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसते. धक्क्यानंतरच्या पहिल्या रात्री बांधावर कंदील घेऊन फिरणारा माणूस कोण, हा प्रश्न म्हणूनच तांत्रिक आराखड्याइतका महत्त्वाचा ठरतो.

पाझर तलावांचा वारसा :

मोठ्या धरणांची निदान पाहणी होते. १९७२ च्या दुष्काळात व पुढे रोजगार हमी योजनेतून जिल्ह्यात असंख्य पाझर तलाव झाले. उपाशी माणसांना काम देणे हा त्यांचा पहिला हेतू होता. घमेल्याने टाकलेली, गाढवांच्या पाठीवरून आणलेली माती सर्वत्र सारखी दाबली गेली असेल, असे मानता येत नाही. आज अनेक बांधांवर बाभळी वाढल्या आहेत आणि त्यांची मुळे बांधात खोल गेली आहेत. २ जुलै २०१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण भूकंपाविनाच, पावसाने फुटले व वाडी वाहून गेली. बालाघाटाच्या उतारावर एकाखाली एक असे तलाव असल्यास वरचा बांध फुटताच खालच्यावर येणारा भार त्याच्या सांडव्याच्या क्षमतेबाहेरचा असेल.

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ अन्वये १५ मीटरपेक्षा उंच, तसेच काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांसाठी पाहणी व आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक झाला. माजलगाव व धनेगाव या कक्षेत येतात. पाझर तलाव त्याबाहेर राहतात. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि १० जुलै रोजी तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा. तो नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. लोक घराबाहेर आले, काही वेळाने परत आत गेले. आपल्या गावावरच्या तलावाचा बांध त्या दिवशी कोणी पाहून आले काय, याची नोंद ठेवणारी वही गावपातळीवर सहसा नसते. भूगोल व इतिहास विभागांच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील तलावाचे बांधकामवर्ष, उंची, सांडव्याची अवस्था व खालच्या वस्तीतील घरांचा प्रकार एवढी जरी माहिती गोळा केली, तरी आज कोणत्याही एका कार्यालयात एकत्र न सापडणारे दप्तर तयार होईल. बांधावर काम केलेली १९७२ ची पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. माती कोठली आणली आणि पाणी कोठे मुरते, हे तिला अजून आठवते.