काडतुसाची चरबी आणि माणसाची मर्जी

पाठ्यपुस्तक मराठी असो की उर्दू, १८५७ च्या धड्यात चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख ठरलेलाच. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे तो दोन्ही लिप्यांत वाचून झाला आहे. मुले तेवढे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे जातात. पण एखादे चौकस पोर विचारतेच, "सर, बंदुकीचे काडतूस तोंडात कशाला घालायचे?"

प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचे उत्तर दिले नाही तर १८५७ चा शिपाई भोळसट, अफवांवर विश्वास ठेवणारा, धर्मवेडा वाटू लागतो. आपल्या बाबतीत तर हा शिक्का फार लवकर मारला जातो. म्हणून हा लेख बंदूक भरण्याबद्दल आहे. दारू, गोळी, चरबी आणि टोपी या चार वस्तू कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या मर्जीने भरल्या जात, हे पाहिले की त्या शिपायाचा राग समजतो.

आज चित्रपटात दिसणारी बंदूक पितळी काडतुसावर चालते. त्यात दारू, गोळी आणि पेट घेणारा मसाला एकाच नळकांड्यात बंद असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे सारे वेगवेगळे होते. दारू म्हणजे काळी दारू, आपल्या उर्दूतली बारूद. शंभर भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. हिंदुस्थानातला सोरा बराचसा बिहारमधून येई. ईस्ट इंडिया कंपनी तो जहाजे भरभरून इंग्लंडला नेत असे.

ही दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग धूर होऊन उडून जात नाही, काजळी आणि राख होऊन नळीत चिकटून राहतो. चार-सहा बार झाले की नळी आतून खरखरीत होते आणि पुढची गोळी अडकू लागते. चरबीचे काम इथेच. ती काजळी मऊ ठेवते, गोळी सरकू देते. म्हणजे चरबी लावण्यामागे कोणाला बाटवण्याचा डाव असण्याची गरज नव्हती. ती या दारूची गरज होती.

दारू पेटवण्याची रीत त्या शतकात बदलली. आधी तोड्याची बंदूक होती, मग गारगोटीची आली. १८०७ मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी आली. ती छिद्र असलेल्या बोंडीवर बसवायची, घोडा तिच्यावर आदळला की ठिणगी आत जाते. पावसात विझणारा तोडा गेला आणि टोपीची बंदूक आली. या टोपीमुळेच सॅम्युअल कोल्टचे रिव्हॉल्व्हर शक्य झाले. त्याचे अमेरिकन पेटंट १८३६ चे.

हे रिव्हॉल्व्हर भरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. घोडा अर्धा मागे ओढला की फिरकी मोकळी होते. तिच्यातल्या प्रत्येक घरात पुढच्या बाजूने मापाने दारू ओतायची. वर घराच्या तोंडापेक्षा केसभर मोठी शिशाची गोळी ठेवायची. नळीखालच्या दांड्याने ती दाबली की शिशाची बारीक कडी कापली जाते आणि गोळी घट्ट बसते. गोळीवर वंगणाचा लेप द्यायचा. अशी सगळी घरे भरली की अगदी शेवटी मागच्या बोंड्यांवर टोप्या. कोल्टला बहुधा सहा घरे, इंग्लंडच्या अ‍ॅडम्सला पाच. शांतपणे बसून भरायला काही मिनिटे जातात. म्हणून हे हत्यार तंबूतच भरून ठेवत आणि लढाईत ते रिकामे झाले की अधिकारी तलवार उपसत.

ही रीत आजही संपलेली नाही. ठासणीच्या हत्यारांच्या जागतिक स्पर्धा होतात. एमएलएआयसी ही आंतरराष्ट्रीय संघटना त्या भरवते. तिथे टोपीच्या रिव्हॉल्व्हरने २५ मीटरवर नेम धरतात. ३० मिनिटांत १३ बार काढायचे, त्यातले सर्वोत्तम १० मोजले जातात. १३ बारांना ३० मिनिटे म्हणजे घाई नाही, पण रमतगमत भरायलाही सवड नाही. म्हणून कसलेले नेमबाज घरीच तराजूवर दारू तोलून छोट्या नळ्यांत भरून आणतात. मैदानावर ते सगळ्या घरांत आधी दारू, मग सगळ्या गोळ्या, मग सगळीकडे वंगण असे एकेक काम पूर्ण करत जातात. त्यामुळे एखाद्या घरात दारू दोनदा पडत नाही आणि एखादे घर रिकामेही राहत नाही. दारूचे माप कमी असेल तर गोळी घरात खोल जाते आणि नेम बिघडतो. यावर अनेकांचा उपाय म्हणजे दारूवर चमचाभर रवा. हो, आपला शिऱ्याचा रवा. तो पोकळी भरून काढतो आणि गोळी घराच्या तोंडाशी ठेवतो.

वंगणाच्या बाबतीत प्रत्येकाचे आपले मत. कोणी मेण आणि वनस्पती तेल कालवतो, कोणी मेंढीची चरबी वापरतो, कोणी दुकानातली तयार डबी घेतो. एकाची कृती दुसऱ्याला पसंत नसते. पण कोणीही कोणावर आपली कृती लादत नाही. आता या मोकळिकीशेजारी १८५७ ची छावणी ठेवून पाहा.

छावणीत दोन प्रकारची माणसे टोपीची हत्यारे भरत होती. इंग्रज अधिकारी आपले पिस्तूल स्वतःच्या पैशाने विकत घेई. ते कोल्टचे घ्यायचे की अ‍ॅडम्सचे, वंगण कोणते लावायचे, कधी भरायचे, हे तोच ठरवी. वंगण बोटाने लागे, तोंडाचा संबंध नव्हता. रिव्हॉल्व्हरसाठी कागदी काडतुसेही निघाली होती. त्यांचा कागद सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेला असे. तो दारूबरोबर जळून जाई, म्हणून फाडावाही लागत नसे.

शिपायाचे तसे नव्हते. त्याच्या हाती एनफिल्ड रायफल येणार होती. तिचे काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, आत मोजलेली दारू आणि गोळी. गोळीकडचे टोक वंगणात बुडवलेले. डाव्या हातात बंदूक, उजव्या हातात काडतूस, मग कागद फाडायचा कशाने? दातांनी. ही रीत युरोपच्या फौजांतही जुनी होती. तिकडे भरतीच्या वेळी समोरचे दात शाबूत आहेत का, हे बघत. त्या पोराच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे. दात म्हणजे शिपायाचा तिसरा हात होता.

उरलेले अर्धे उत्तर 'कवायत' या शब्दात आहे. मराठीत कवायत म्हणजे शिस्तीने हातपाय हलवणे. शब्द अरबीतला. 'कायदा'चे अनेकवचन 'कवायद', म्हणजे नियम. काडतूस कधी काढायचे, कधी दाताला लावायचे, गज कधी फिरवायचा, प्रत्येक हालचालीला हुकूम होता. शिपायाचे हात कंपनीने आधीच नियमात बांधले होते. आता प्रश्न तोंडाचा होता. आणि तोंडात काय जाते, हा हिंदूच्या जातीचा आणि मुसलमानाच्या हलाल-हरामचा प्रश्न आहे.

चरबी कोणत्या जनावराची? कंपनीच्या कंत्राटात ते स्पष्ट केलेलेच नव्हते. ठेकेदार जी स्वस्त मिळेल ती घालणार, हे बाजार जाणणाऱ्या कोणालाही कळते. हा धोका कोणाच्या ध्यानातच आला नाही असेही नाही. १८५३ मध्ये ही काडतुसे हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हाच कर्नल टकर या अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता. वंगण कोणाच्या धर्माला बाधणारे नाही याची खात्री झाल्याशिवाय ते देशी पलटणींना देऊ नये, असा त्याचा आशय. इशारा कागदावरच राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम इथे कुजबुज सुरू झाली. मग सरकारने घाईने पावले उचलली. वंगणाशिवाय काडतुसे द्या, शिपायांनी हवे ते, मेण आणि तेल स्वतः लावावे, असा हुकूम त्याच महिन्यात निघाला. मार्चमध्ये कवायतही बदलली आणि दातांऐवजी हाताने फाडण्याची मुभा मिळाली. आजच्या नेमबाजाला जी मोकळीक आपोआप मिळते, ती शिपायाला संशय पसरल्यानंतर मिळाली. तोवर संशय वंगणावरून कागदाच्या चकाकीवर गेला होता. मोकळीक आधी दिली असती तर विश्वास राहिला असता. मागाहून दिल्यावर तिचा अर्थ 'पाहा, आधी काहीतरी होतेच' असा झाला.

२४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाचे ९० निवडक स्वार परेडवर उभे केले गेले. ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. त्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. ती काडतुसे एनफिल्डची नव्हती, नेहमीचीच होती. ती हाताने फाडायची नवी रीतच त्या दिवशी दाखवली जाणार होती. तरी नकार आला. ९ मे रोजी साऱ्या फौजेसमोर त्यांचे गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मेरठ पेटले.

यावर इंग्रज लेखकांचा एक आवडता टोमणा आहे. हेच बंडवाले पुढे लढाईत तीच काडतुसे खुशाल वापरत होते, मग धर्म कुठे गेला? टोमणा मारणाऱ्यांना वाटते की यातून शिपायांचा ढोंगीपणा दिसतो. मला त्यातून उलटे दिसते. आपल्या मर्जीने केलेली गोष्ट आणि डोक्यावर बंदूक ठेवून करवून घेतलेली गोष्ट, या दोन्हींत फरक असतो. शरीयतसुद्धा मजबुरी आणि इख्तियार यांत फरक करते. शिपाई चरबीविरुद्ध लढला हे खरे, पण त्याहून अधिक तो आपल्या तोंडावरच्या दुसऱ्याच्या हक्काविरुद्ध लढला. आणि काडतूस हे एकच कारणही नव्हते. अवध खालसा झाले होते आणि समुद्रापार चाकरीची अट आली होती. साचलेला राग त्या कागदी सुरळीत येऊन बसला.

गंमत अशी की १८५७ सालीच अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दहा वर्षांच्या आत ब्रिटिश फौजेत मागून भरायची स्नायडर रायफल आली. कागद फाडणे, गजाने ठासणे, टोपी बसवणे, सगळे इतिहासजमा होऊ लागले. पण हिंदी शिपायांना बंडानंतर मुद्दाम जुन्या धाटणीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या, म्हणजे नेमात ते गोऱ्यांच्या मागे राहतील. १८७८ च्या हत्यार कायद्याने सामान्य माणसाच्या हातून हत्यारच काढून घेतले. कोकणात आजही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. रानडुकराला हुसकावायला शेतकरी अजून तशीच दारू ठासतो.

शेवटी आपल्या मुंबईची एक नोंद. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडच्या मैदानात, म्हणजे आज ज्याला आपण आझाद मैदान म्हणतो तिथे, कटाच्या आरोपावरून दोघांना तोफेच्या तोंडी दिले गेले. एक होता मंगल गाडिया, १० व्या पलटणीचा शिपाई. दुसरा सय्यद हुसेन, मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार. ड्रिल हवालदार म्हणजे शिपायांना कवायत शिकवणारा. बंदूक कशी भरायची, कोणत्या हुकुमावर कोणती हालचाल करायची, हे शिकवणाऱ्यांपैकी तो एक होता. ज्याने हुकूम पाळायला शिकवायचे, त्यालाच हुकूम मोडल्याबद्दल तोफेला बांधले. एक हिंदू, एक मुसलमान, एकच दिवस. मंगल पांडेचे नाव प्रत्येक मुलाला ठाऊक असते. या दोघांची नावे मुंबईच्या मुलांना तरी ठाऊक असावीत.