मुतइमचं ऋण

'काफर' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखाच वापरला जातो. अर्थ काय, तर 'दुसऱ्या धर्माचा'. विषय संपला! पण अरबीत या शब्दाचं मूळ 'झाकणं' या क्रियेत आहे. कुरआनात एके ठिकाणी, सूरह हदीदमध्ये, बहुतेक भाष्यकारांच्या मते हा शब्द चक्क शेतकऱ्यांसाठी आलाय, कारण शेतकरी बी मातीखाली झाकतो. आणि 'कुफ्र'च्या समोर कुरआन अनेकदा जो शब्द उभा करतं तो 'शुक्र', म्हणजे कृतज्ञता. झालेला उपकार झाकून टाकणं एका बाजूला, तो मोकळेपणी मानणं दुसऱ्या बाजूला.

आता उपकार करणाराच इस्लाम न मानणारा असेल तर? याचं उत्तर पैगंबरांच्या चरित्रातच आहे. मुतइम बिन अदी हे नाव फारसं कुणी सांगत नाही, म्हणून ही पोस्ट.

मुतइम हा मक्केतला एक वजनदार माणूस, कुरैशांच्या नौफल घराण्याचा प्रमुख. मूर्तिपूजक, आणि मरेपर्यंत मूर्तिपूजकच राहिला. इ.स. 616 च्या सुमारास कुरैशांनी पैगंबरांच्या हाशिम घराण्याला वाळीत टाकलं. सोयरीक बंद, खरेदी-विक्री बंद. तसा करारनामा लिहून काबागृहात टांगला. दोन-तीन वर्षं ती माणसं डोंगराच्या घळीत उपाशीतापाशी राहिली, झाडपाला खाल्ला, पोरांच्या रडण्याचा आवाज बाहेर ऐकू यायचा असं चरित्रकार लिहितात. शेवटी कुरैशांतल्याच पाच जणांना हे सहन होईना. 'आपण जेवतोय, कपडे घालतोय, आणि आपलेच भाऊबंद तिकडे मरतायत' असा त्यांचा सूर होता. भर सभेत त्यांनी करार मोडायला लावला. तो फाडायला जो उठला तो मुतइम. बघतो तर कागद वाळवीने आधीच खाल्लेला!

पुढे 619 मध्ये पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब दोघंही गेले. पाठीराखा उरला नाही. पैगंबर आधार शोधत ताइफला गेले, तिथे लोकांनी दगड मारून हाकलून दिलं. परत मक्केत पाऊल ठेवायचं तर कुणाचं तरी अभय हवं, कारण त्या समाजात टोळीच्या हमीशिवाय माणसाच्या जिवाला किंमत नव्हती. शहराबाहेर थांबून त्यांनी निरोप धाडले. अखनस बिन शरीकने नकार दिला, सुहैल बिन अम्रनेही. दोघांनीही रीतिरिवाजाची कारणं पुढे केली. मुतइम 'हो' म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या मुलांना हत्यारबंद घेऊन काबागृहापाशी उभा राहिला आणि या माणसाला मी अभय दिलंय असं जाहीर केलं. स्वतःच्या जातभाईंच्या डोळ्यांत डोळे घालून, आणि ज्याचा धर्म आपल्याला मान्य नाही त्याच्यासाठी! हे किती अवघड असतं ते गावकीत राहिलेल्यांना सांगायला नको.

मार्च 624 मध्ये बद्रची लढाई झाली, तेव्हा मुतइम नुकताच वारला होता. त्याचा भाऊ तुऐमा मात्र मक्केच्या फौजेत होता आणि तिथेच मारला गेला. म्हणजे घराणं आता सरळसरळ शत्रुपक्षात. मुसलमानांच्या हाती सुमारे 70 कैदी लागले. एकेकासाठी 4000 दिरहमपर्यंत खंडणी घेतली गेली, आणि मदीनेतल्या त्या हलाखीच्या दिवसांत हा पैसा काही थोडाथोडका नव्हता. त्या वेळी पैगंबर बोलले त्याचा आशय असा: आज मुतइम हयात असता आणि त्याने या लोकांसाठी शब्द टाकला असता, तर त्याच्याखातर मी हे सगळे सोडून दिले असते. फुकट. सगळेच्या सगळे.

करार मोडणाऱ्या पाचांपैकी अबुल बख्तरीही बद्रला समोरच्या बाजूने आला होता. त्याला मारू नका, अशी स्पष्ट ताकीद पैगंबरांनी दिली होती. रणात त्याला ते सांगण्यातही आलं. त्याने विचारलं, माझ्या सोबत्याचं काय? सोबत्याला अभय नव्हतं. मग मीही नको, म्हणत तो लढला आणि मेला. इथे ऋण फेडायचं राहूनच गेलं.

मुतइमविषयीचे ते उद्गार बुखारीच्या हदीस-संग्रहात आहेत. ते सांगणारा कोण? मुतइमचा मुलगा जुबैर. बद्रनंतर काका तुऐमाच्या सुडासाठी याच जुबैरने आपल्या वहशी नावाच्या गुलामाला सांगितलं होतं, की पैगंबरांचे चुलते हमजा यांना मार, तुला मुक्त करतो. 625 मध्ये उहुदच्या लढाईत वहशीने ते केलंही. पुढे काही वर्षांनी जुबैर स्वतः मुसलमान झाला, आणि आपल्या मूर्तिपूजक बापाबद्दल पैगंबर काय म्हणाले होते ते त्याने लोकांना सांगितलं.